ठसका न येणारं घर

आमच्या घरी पाहुणा आला की आधी शिंकायचा, मग रामराम करायचा. तापीच्या वरल्या काठाला आमचं घर, आणि घरामागे मिरची वाळवायचं मोठं अंगण, त्याला आम्ही पथार म्हणायचो. आमच्या शेतातली मिरची तिथे पसरायचीच, शिवाय माझे वडील, आबा, आजूबाजूच्या गावांतूनही ओली मिरची विकत घेऊन आणायचे. पौषापासून चैत्रापर्यंत मागचं दार उघडलं की नजर पोचेल तिथवर लाल. बायका ओळीने बसून देठं खुडायच्या, बोटांना गोडंतेल चोळायच्या, गाणी म्हणायच्या आणि एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढायच्या. वाळलेली मिरची फावड्याने उलटताना आतल्या बिया खुळखुळायच्या. तो आवाज दिवसभर कानात असायचा आणि मला तो अजिबात आवडायचा नाही. आधीच माझा जीव एका जागी ठरत नसे, त्यात हा खुळखुळाट. जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत. आमच्यातलं लहान पोरही ठेचा गुळासारखा चाटून खायचं. आमच्या नाकांना आणि जिभांना तिखटाचं काही वाटेनासं झालं होतं. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

मी तेव्हा अकरावीत होते, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकला. शाळा आमच्याच काठाला होती, पण परीक्षेचं केंद्र नदीपलीकडे, नंदुरबारला. पलीकडे जायचं म्हणजे नावेतून तापी ओलांडायची आणि तिथून मोटार किंवा बैलगाडी धरायची. नंदुरबार हे मायचं माहेर. तिथे मामांचं घर होतं, राहायची सोय होती, काळजी कशाची नव्हती. पण माझ्या आठवणीत माय स्वतः कधी पलीकडे गेली नव्हती. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, एकूणएक सासुरवाशीण माहेरी जाते, झोके खेळते, गाणी म्हणते. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका गाठोडी बांधून निघायच्या. माय दारात उभी राहून त्यांना वाटे लावायची आणि कोणी विचारलं की एकच सांगायची, "मिरची पडेल शे ना वं माय, कशी जाऊ?" मिरची पडलेली असायची हे खरं. मामाच दिवाळीला येऊन तिला लुगडं देऊन जायचे.

त्या वर्षी मार्गशीर्षात मामांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी आबांबरोबर गेले. परत येताना नावेत माणसं, पोती आणि दोन शेळ्या. मधल्या धारेला पोचलो आणि एकाएकी माझं काळीज धडधडायला लागलं. हात गार पडले, तोंडाला कोरड, कानात सूं सूं. आपण आता इथेच, या शेळ्यांच्या अंगावर पडून मरणार, अशी माझी खात्रीच झाली. मी उठून उभी राहिले. नाव हेलकावली, बायका ओरडल्या, नावाड्याने मला दंडाला धरून खाली बसवलं. काठ आल्याबरोबर मी गुडघाभर पाण्यात उडी टाकली आणि घराकडे पळत सुटले. आबा मागून हाका मारत राहिले. संध्याकाळच्या आत गावात झालं की आबांच्या कमलला नदीतलं काहीतरी धरलं.

त्यानंतर ते कुठेही यायला लागलं. वर्गात गणित चालू असताना, विहिरीवर, देवळात. येऊन गेलं की पुन्हा कधी येईल याची धास्ती, आणि त्या धास्तीने ते लवकर यायचं. मी बसले की उठायची, उठले की कुठे जावं कळत नसे. पुस्तक उघडायचं, मिटायचं, अंगणात जायचं, परत यायचं. माय रोज संध्याकाळी माझी दृष्ट काढायची. मीठ, मोहऱ्या आणि मूठभर मिरच्या माझ्यावरून ओवाळून चुलीत टाकायची. सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे की मिरच्या जाळल्यावर ठसका लागला तर काळजीचं कारण नाही, आणि ठसका आलाच नाही तर दृष्ट जबर. स्वयंपाकघर धुराने भरायचं. माय, आबा, मी, आम्ही नाकं वर करून उभे राहायचो. कोणालाच ठसका यायचा नाही. मायचा चेहरा रोज थोडा अधिक उतरायचा.

"देखा, कोणलेच ठसका उना नही," ती आबांना म्हणायची. "भलती जबर नजर शे पोरले."

आबा तापट नव्हते, पण त्यांना लोकांच्या बोलण्याचं भय होतं. म्हसावदहून माझ्यासाठी एक स्थळ सांगून आलं होतं. नावेतली गोष्ट तिथवर पोचायच्या आत लग्न उरकून टाकावं असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी साफ सांगितलं, परीक्षेला नावेत नीट बसून पलीकडे गेलीस तर पुढे शीक, माझी ना नाही. नावेत पुन्हा तमाशा झाला तर शाळा बंद, चैत्रात हात पिवळे. मला शिकायचं होतं. दुसरं काहीच नको होतं, इतकं शिकायचं होतं. आणि मधे नदी होती.

अशात गोदाफुई आली. बापाच्या बहिणीला आमच्याकडे फुई म्हणतात. ही लहानपणीच विधवा झालेली, मग कोणाच्यातरी ओळखीने बडोद्याला जाऊन नर्स झालेली. तिथल्या एका इस्पितळात, जिथे मनाने थकलेली माणसं येतात अशा विभागात ती काम करायची. कैक वर्षांनी रजा काढून भावाकडे आली होती. आली तीच शिंकत. हातपाय धुऊन ती चुलीजवळ बसते न बसते, तोच मायने माझ्यावरून मिरच्या ओवाळून टाकल्या.

फुईला जो ठसका लागला, तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पदर तोंडाशी धरून ती अंगणात पळाली. बाहेरून तिचं खोकणं आणि हसणं एकत्रच ऐकू येत होतं. आम्ही तिघं चुलीपाशी कोरडे ठणठणीत उभे. फुई दारातूनच ओरडली, "अरे, तुम्हनं नाक मरी जायेल शे! बारा महिना मिरचीमा ऱ्हातस तुम्ही. तुम्हले ठसका कसा येई?"

"गोदा, आतेच उनी शे, जरा दम ले," आबा म्हणाले.

"दम कसाले? वहिनी, आते भाऊनी नजर काढ."

"मन्ही काबरं? माले काय व्हयनं?"

पण फुई मोठ्या भावाचं ऐकणारी नव्हती. आबांना पाटावर बसवून त्यांची दृष्ट काढवली. ठसका नाही. मग गोठ्यातल्या म्हशीवरून मिरच्या ओवाळून आणल्या आणि चुलीत टाकल्या. ठसका नाही. फुईच तेवढी पुन्हा खोकत बाहेर. मला कितीतरी दिवसांनी हसू फुटलं. मायला मात्र हसू आलं नाही. ती कपाळाला हात लावून मटकन खाली बसली आणि म्हणाली, "म्हणजे आखं घरलेच नजर लागेल शे!"

त्यावर फुईने वाद घातला नाही. हे मला आज विशेष वाटतं. मायला ती एवढंच म्हणाली, तू तुझं काढत राहा वहिनी, मी माझं करते, दोन्ही होऊ दे. आणि मायचं खरंच थांबलं नाही. पण त्या संध्याकाळपासून माझ्या मनातली एक खीळ निघाली. ठसका न येण्याचं कारण मी नव्हते, आमची नाकं होती.

फुईचं "माझं करणं" म्हणजे बोलणं. ती मला समोर बसवून प्रश्न विचारायची नाही. पथारीवर माझ्याशेजारी बसून देठं खुडायची आणि म्हणायची, "बठीसन नको सांगू, खुडता खुडता सांग. काय व्हस तुले?" हात कामात असले की माझं तोंड सुटायचं, हे तिने दोन दिवसांत हेरलं होतं.

"मी मरी जासू असं वाटस," मी म्हटलं.

"बरं. आतेलगून कितला दाव मरनी?"

"एक बी नही."

"मंग काय व्हयनं?"

मग काय झालं, याचा मी विचारच केला नव्हता. मी नेहमी पळून गेले होते. वर्गातून, नावेतून, देवळातून.

तिने आधी मला लांब श्वास घ्यायला शिकवलं. ते माझ्यावर उलटलं. मी श्वासावर असा पहारा ठेवायला लागले की तो अडखळायलाच लागला. मी रडकुंडीला येऊन सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, मग सोडून दे, हे तुझं नाही. मला नवल वाटलं. आमच्याकडे वैद्याचा काढा लागू पडला नाही तर दोष रोग्याचा, आणि काढा दुप्पट. फुई म्हणायची, तिच्या डॉक्टरबाई एकाच मापाचा झगा सगळ्यांना चढवत नसत. मग दुसरं. गार पाण्याने मनगटं आणि मान भिजवायची. हे थोडं जमलं. मग पायांचे तळवे जमिनीत रोवून समोर जे दिसेल त्याची नावं मोठ्याने घ्यायची, फावडं, पोतं, कावळा, काशीबाईचं लुगडं. हे चांगलं जमलं. शेजारी देठं खुडणारी काशीबाई चिडली, ते वेगळं. आणि मनात आलेला प्रत्येक विचार मिरचीसारखा हातात घेऊन बघायचा. हा लाल, म्हणजे खरा, की पांढरा पडलेला, म्हणजे नुसता भीतीचा? 'नदी खोल आहे' हा लाल. 'मी मरणार' हा पांढरा, बाजूला टाक.

पण जे माझ्या कायमच्या कामाला आलं ते एका दुपारी जेवताना निघालं. मी ताटावरून दोनदा उठले होते. फुईने विचारलं, तुझी भीती आत्ता किती? मला सांगता येईना. ती म्हणाली, मिरचीत सांग. भज्यांची, ठेच्याची की लवंगी? मी म्हटलं, ठेच्याची. हे फार सोपं होतं. मग तिने विचारलं, "लवंगी चावी गयी तं तू काय करस?"

"हुस्स हुस्स करस."

"घर सोडीसन पळी जास का?"

"नही."

"काबरं?"

"थोडा येळमा उतरी जास ना."

फुई भाकरीचा तुकडा मोडून भरीत खात राहिली. मी मात्र घास हातात धरून बसून राहिले. तिखट चढतं, कानशिलं तापतात, आणि आपण काही नाही केलं तरी उतरतं, हे आमच्या घरात मला कोणी शिकवायची गरजच नव्हती.

माझी नात पुण्यात असते. गेल्या वर्षी नोकरीच्या ताणाने तिला असंच व्हायला लागलं, तेव्हा ती मोबाइलवर एका बाईंशी आठवड्याला बोलायची. मला म्हणाली, आजी, त्या मला स्किल्स देतात, एक चाललं नाही तर दुसरं, आणि भीतीला दहापैकी मार्क द्यायला सांगतात. मी म्हटलं, आमच्याकडे मार्क नव्हते, मिरच्या होत्या. ती हसली, पण दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, "आज ठेच्याची." तेव्हापासून तिचा रोजचा निरोप हाच असतो. परवा "भज्यांची" आला आणि मी एकटीच घरभर फिरत राहिले आनंदाने. एका जागी बसण्याचा माझा स्वभाव अजूनही नाही.

मिरचीचं हे गणित कळल्यावर फुईने मला नदीवर न्यायला सुरुवात केली. एकदम पलीकडे नाही. काठाला बांधलेल्या नावेत बसून आम्ही भाकरी खायचो. नावाडी सखारामबाबा वैतागायचा. "नाव शे, खानावळ नही," म्हणायचा, आणि मग स्वतःच आमच्यातला ठेचा मागून घ्यायचा. पहिल्या दिवशी मी बांधलेल्या नावेतूनही उडी मारून पळाले. फुई म्हणाली, उद्या पुन्हा. मग दोर सोडून थोडं पुढे जाऊन परत, मग आणखी पुढे. एकदा धारेच्या अलीकडे ते आलं, पूर्ण आलं, कानात सूं सूं, हात गार. "कोणती?" फुईने विचारलं. "लवंगी." "बरं," म्हणाली, आणि सखारामबाबाशी मासळीच्या भावाबद्दल बोलत राहिली. मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! पण मी तळवे नावेच्या फळीवर दाबून धरले. वल्हं, पागोटं, बगळा, फुईचं नाक. ते चढलं, टिकलं आणि उतरलं. मी पळाले नव्हते. मी फुईच्या गळ्यात पडले आणि नाव हेलकावली तशी सखारामबाबाने दोघींना शिव्या घातल्या.

अजून धार ओलांडणं बाकी होतं आणि फुईची रजा संपली. मी फार रडले. ती म्हणाली, फुई होती म्हणून जमलं, असा पांढरा विचार तुला येणार आहे, तो बाजूला टाक. आणि नदी ओलांडून, पलीकडून विसरवाडीची मोटार धरून बडोद्याला गेली. तो विचार आलाच. तो बाजूला टाकायला मला फार जड गेलं.

परीक्षेला निघायच्या सकाळी आभाळ भरून आलं. चैत्राच्या तोंडाशी, ध्यानीमनी नसताना. पथारीवर वर्षाची सगळी मिरची उघडी. गडी, बायका, आबा, सगळे फावडी घेऊन धावले. मिरची गोळा करायची, पोत्यांत भरायची, ताडपत्र्या ओढायच्या. मला पोचवायला येणार होते आबाच. ते लाल धुळीने माखलेले, अंगणाच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "आज जमाव नही. आते परीक्षा राहू दे, पुढला साल देखू." पुढलं साल म्हणजे म्हसावद, हे मला कळत होतं. मी ट्रंकेची कडी धरून उभी होते.

मायच्या हातात फावडं होतं. तिने ते भिंतीला टेकवलं, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "मिरची भिजी तं भिजू द्या. मी जास पोरनी संगे."

आबांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू म्हैसच बोलली. मायने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. आत जाऊन दोन भाकरी फडक्यात बांधल्या आणि माझ्यापुढे चालायला लागली.

नावेत ती माझ्या शेजारी बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढून. वारा सुटला होता, पाणी काळं दिसत होतं. सखारामबाबाने नाव सोडली. माझं सुरू झालंच. ठेच्याची, मी मनात म्हटलं, आता लवंगी. तळवे दाबले. वल्हं, दोर, पोतं. मग मायचा हात. मायचा हात नावेची कड इतकी घट्ट धरून होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ कोरडे, कपाळावर घाम, डोळे गच्च मिटलेले. मला ते तोंड ओळखीचं होतं. आरशात पाहिलेलं नव्हतं, पण आतून मी त्या तोंडात कितीदा राहिले होते.

"माय," मी म्हटलं, "काय व्हस तुले?"

तिने डोळे उघडले नाहीत. "कमल, मन्ही लवंगी शे."

मी आणि फुई पथारीवर बोलत असू तेव्हा ती मागे पोती शिवत असायची. सगळं ऐकत होती तर.

"लगीन व्हईसन या नावमा उनू, त्या दिनथून शे," ती पुटपुटली. "कोणले सांगं नही. मार्गशीर्षमा तू नदीवरथून पळत उनी, तवय मी समजनू. मन्हंच तुले लागनं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतक्या आखाज्या, ती दारात उभी राहून दुसऱ्यांना वाटे लावणं, मिरची पडेल शे. आणि रोजची ती दृष्ट. ती कोणा परक्याची नजर जाळत नव्हती, स्वतःची जाळत होती, माझ्या अंगावरून उतरवून. मला रडू आलं, मोठ्याने आलं. पण रडत बसायला वेळ नव्हता, धार समोर आली होती.

"माय, डोळा उघड," मी म्हटलं. "पाय फळीवर दाब. दाब जोरमा. आते काय दिसस ते सांग."

"काय दिसी? पाणी दिसस."

"पाणी सोडीसन."

ती थरथरत इकडे तिकडे बघायला लागली. "सखारामनं पागोटं," म्हणाली. मग, "फाटेल शे." सखारामबाबा म्हणाला, "मायलेकी दोन्ही सारख्या!" मग ती बगळा म्हणाली, मग पलीकडच्या काठावरचं निंब म्हणाली, आणि निंब म्हणाल्यावर तिचा आवाज एकदम वेगळा झाला. "ते निंब अजून शे?" असं तिने मला विचारलं, जणू मला माहीत असणार होतं. माझी लवंगी कधी उतरली ते माझ्या लक्षातच आलं नाही, मी मायची उतरवत होते.

नाव वाळूला लागली. माय उतरली, ओलं लुगडं पिळलं, आणि वळून नदीकडे पाहत राहिली. पलीकडे आमच्या गावावर पाऊस पडायला लागलेला दिसत होता, म्हणजे आमच्या मिरचीवर.  मग म्हणाली, "कमल, आते परत बी याच नावमा बसनं पडी का?"

"हा," मी म्हटलं.

तिने विचार केला. भाकरीचं फडकं काखेत नीट धरलं. "मंग आखाजी करीसनच जाऊत," म्हणाली, आणि मोटारीच्या थांब्याकडे चालायला लागली.

मी पास झाले, हे सांगायचं राहूनच जात होतं. आबांनी अर्धी मिरची वाचवली, महिनाभर स्वतः भाजलेल्या करपक्या भाकरी खाल्ल्या, आणि शेवटी आम्हाला न्यायला स्वतःच आले. ते आले तेव्हा मामांच्या दारातल्या झाडाला झोका बांधला होता आणि माय त्यावर उभी होती. मी झोका देत होते. ती वर जायची आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "लवंगी!" आणि खाली येताना हसायची. आबा खांद्यावरचा गमछा हातात घेऊन फाटकातच उभे राहिले. त्यांना कळेना, ही बाई कोण.